पोटावरचे पट्टे

जामनेरच्या कीटकनाशकांच्या दुकानात तो बाटल्या काढून द्यायचा. शेतकऱ्यांनी काडेपेटीतून आणलेला किडा तो आधी उताणा करायचा. ‘पाठीवर सगळेच नटतात,’ म्हणायचा.

बोंडांतला कापूस डागाळत होता, म्हणून मी शेतातले दोन लाल ढेकूण नेले. मालकाने लगेच मोठी बाटली पुढे सरकवली. याने दोघांना उलटवलं.

‘पोटावर पांढरे पट्टे, हा कपाशीचा वैरी. हा दुसरा बिनपट्ट्याचा. याले मारू नका, अक्का. हा त्याले खातो.’

‘कशावरून?’

त्याने दोघांना पेटीत कोंडून माझ्यासाठी चहा मागवला. चहा संपल्यावर पेटी उघडली, तेव्हा बिनपट्ट्याची सोंड दुसऱ्याच्या अंगात होती.

मालक खोकला. याने बाटली फळीवर ठेवली.

‘लवकर न्या याले, अक्का. इथं राहिला तर आमचं दुकान खाईल.’