हो, माझ्याकडेच आहे

शनिवारी दुपारी साडेतीनला तिच्या वडिलांचा फोन आला, तेव्हा मी गॅलरीतले वाळलेले कपडे काढत होते. "मॅडम, पोरगी पोचली ना तुमच्याकडे?" त्यांनी विचारलं. मी क्षणभरही न थांबता म्हणाले, "हो, माझ्याकडेच आहे."

ती माझ्याकडे नव्हती. सकाळीच तिचा मेसेज आला होता: आज येत नाही, मैत्रिणीकडे प्रॅक्टिकलची जर्नल पूर्ण करायची आहे. मी "चालेल" असं उत्तरही पाठवलं होतं.

मग मी तसं का म्हणाले? ती मैत्रिणींबरोबर कुठे फिरायला गेली असेल, उगाच ओरडा बसेल, असं वाटलं असावं. आणि दुसरं एक कारण होतं, ते मी नंतर संस्थेला लिहून दिलेल्या खुलाशात घातलं नाही. एखाद्या शनिवारी तिला माझ्याकडे यावंसं वाटत नाही, हे मला कोणापुढे कबूल करायचं नव्हतं.

टपाल खात्यातून निवृत्त झाल्यावर मी एका संस्थेत मेंटर म्हणून नाव दिलं होतं. एका मुलाला किंवा मुलीला एक मोठं माणूस, एवढीच त्यांची कल्पना. शिकवणी घ्यायची नाही. बोलायचं, ऐकायचं, अडलं तिथे सोबत जायचं. माझ्या वाट्याला आलेली मुलगी जरीपटका वस्तीतली, तेव्हा दहावीत होती. वडील कूलरच्या कारखान्यात पत्रे कापायचे. घरात तिघंच: वडील, आजी आणि ती. ती नऊ वर्षांची असताना आई घर सोडून गेली होती आणि त्या घरात आईचा विषय कोणी काढत नसे. वडिलांच्या लेखी परवानगीने ती दर शनिवारी प्रताप नगरला माझ्या घरी येऊ लागली.

अकरावीच्या दिवाळीनंतर तिने मला एक गोष्ट सांगितली. आई शहराबाहेर कोराडीला असते, वीज केंद्राच्या वसाहतीबाहेर कामगारांसाठी मेस चालवते. एका नातेवाइकाकडून नंबर मिळाला आणि आता दोघी फोनवर बोलतात. "बाबाले नका सांगू ताई," ती म्हणाली. मी वडिलांना सांगितलं नाही, आणि नियमाप्रमाणे संस्थेच्या समन्वयक बाईंना सांगायला हवं होतं, तेही केलं नाही. ते गुपित फक्त माझ्याकडे आहे, याचं मला सुख वाटत होतं. माझा मुलगा बंगळुरूहून आठवड्यातून एकदा पाच मिनिटं बोलतो. ही मुलगी दोन बस बदलून येत होती आणि पोटातलं सगळं सांगत होती.

"तिचा फोन लागून नाही राहिला," वडील म्हणाले. "द्या बरं तिले."

"ती वर शेजाऱ्यांकडे गेलीय, पुस्तक आणायला." एका खोट्यामागून दुसरं किती सहज आलं.

"मंग आली की सांगा, आजीले अ‍ॅडमिट केलं. शुगर एकदम उतरली, चक्कर येऊन पडली. सारखी पोरीचं नाव घेऊन राहिली. मी निघालोच तिले घ्याले. अर्ध्या तासात येतो."

फोन बंद झाला. हातातले कपडे मी कुठे ठेवले ते मला आठवत नाही. तिला फोन लावला, बंद होता. पुन्हा लावला. "आजी दवाखान्यात आहे, ताबडतोब फोन कर," असा मेसेज टाकला. त्यावर एकच खूण आली, दुसरी येईना. तिच्या वर्गातल्या एका मुलीचा नंबर माझ्याकडे होता. ती म्हणाली, "जर्नल तर गुरुवारीच सबमिट झाली मॅडम."

मग मला कळलं ती कुठे असेल: कोराडीला, आईकडे. कळल्यावर धीर यायला हवा होता, पण आला नाही. कारण ती तिथेच असेल, ही निव्वळ माझी अटकळ होती. सतरा वर्षांची मुलगी, बंद फोन, आणि ती कुठे आहे हे जगात कोणालाही माहीत नाही. तिच्या बापाला मात्र वाटतंय की ती माझ्या घरात सुखरूप बसली आहे. तो तिला शोधणारही नव्हता. माझ्यामुळे.

मी समन्वयक बाईंना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली. "ते दारात आले की पहिल्याच वाक्यात खरं सांगा," त्या म्हणाल्या. "कोराडीचंही सांगा. आता गुपित राहिलेलं नाही ते."

पंचवीस मिनिटांनी बेल वाजली. ते दारातच उभे होते, शर्टावर कारखान्याची धूळ, डोळे लाल. माझ्या खांद्यावरून आत बघत होते.

"ती इथे नाही," मी म्हणाले. "आज आलीच नव्हती. मी तुम्हाला खोटं सांगितलं."

त्यांनी पुन्हा एकदा आत बघितलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "काहून?"

मी पुढचं सांगितलं: आईशी फोन, कोराडी, मेस. ते चपलांच्या स्टँडशेजारी जमिनीवरच बसले.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून मला माहीत आहे."

"पाच महिने," ते म्हणाले. "संस्थेच्या दर महिन्याच्या मीटिंगमध्ये तुम्ही माह्यासमोर बसत होत्या."

मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते उठले आणि म्हणाले, "चला तुम्ही माह्यासंगं. एकटा गेलो तर तिथं काही तरी होऊन जाईल माह्या हातून."

त्यांच्या मोटारसायकलवर मी मागे बसले. मानकापूर सोडलं. पुढे कोळशाचे ट्रक लागले, एकामागून एक. त्यांच्या मधल्या फटींतून ते गाडी घालत होते आणि मी सीटमागची कडी दोन्ही हातांनी धरून बसले होते. तोंडात राख येत होती. ती तिथे नसली तर? हा एकच विचार डोक्यात होता आणि मला खात्री आहे, त्यांच्याही डोक्यात तोच होता. एका सिग्नलला मान न वळवता त्यांनी विचारलं, "तिथं राहील ना ती?"

"असेल," मी म्हणाले. यावेळी खोटं नव्हतं, पण खरं आहे की नाही हेही मला ठाऊक नव्हतं.

वसाहतीच्या फाटकाजवळच्या पानठेल्यावर विचारलं. बाई चालवते अशी मेस एकच होती. पत्र्याच्या शेडचं दार उघडं होतं. आत ती पोळपाटापुढे बसून पोळ्या लाटत होती आणि तव्यापुढे तिची आई. दोघींची बसण्याची ढब एकच, पाठीला तोच बाक.

ती सुखरूप होती. तिने मान वर केली. लाटणं तसंच हातात राहिलं. तिची नजर वडिलांवरून माझ्याकडे आली आणि तिथेच थांबली.

वडील उंबऱ्याच्या आत आले नाहीत. "आजीले अ‍ॅडमिट केलं," एवढंच म्हणाले.

आईने गॅस बंद केला. "काय झालं आईले?" तिने विचारलं. आठ वर्षांनीही ती सासूला आईच म्हणत होती. "मी येऊ का?"

"आज नको," ते म्हणाले. "नाही" म्हणाले नाहीत, हे आम्हा सगळ्यांच्याच लक्षात आलं.

मुलगी हात धुवायला बाहेरच्या नळावर आली, तेव्हा मी तिच्यामागे गेले. वडिलांना मी आधी काय सांगितलं आणि मग काय झालं, ते सगळं तिला सांगितलं.

"मी म्हटलं होतं का तुम्हाले खोटं बोला म्हणून?" ती म्हणाली. "मी आज घरी जाऊन बाबाले सांगणारच होती. आईसंगं बोलून पक्कं करायले आली होती. माह्या तोंडून ऐकलं असतं त्यानं."

मी माफी मागितली. तिने ओढणीला हात पुसले आणि वडिलांच्या मागे गाडीवर जाऊन बसली. मी बसने परत आले.

आजी चौथ्या दिवशी घरी गेली. संस्थेने मला बोलावलं. वडील आले होते. त्यांनी तक्रार केली नाही, फक्त दुसरी मॅडम द्या म्हणाले, आणि ते योग्यच होतं. मला सहा महिने थांबायला सांगितलं. नंतर दुसरी मुलगी मिळाली. तिच्या आईबापाला मी पहिल्याच भेटीत सांगितलं की मुलगी कुठे आहे याबद्दल मी तुमच्याशी कधीही खोटं बोलणार नाही. मुलगी शेजारीच बसली होती, तिच्यासमोरच सांगितलं.

पहिल्या मुलीविषयी मग थोडंथोडं कानावर यायचं. महिन्यातून एक रविवार ती कोराडीला जाते, वडीलच सोडून देतात आणि फाटकाबाहेर थांबतात. गेल्या वर्षी सीताबर्डीच्या मेट्रो स्टेशनवर ती भेटली, कॉलेजच्या मैत्रिणीबरोबर. नजर चुकवता आली असती, पण तिने हाक मारली. आजी बरी आहे म्हणाली, मी काय करते ते विचारलं. मैत्रिणीने "कोण?" असं विचारलं तर म्हणाली, "ह्या माझ्या मेंटर होत्या. दोन वर्षं."

गाडी आली आणि त्या दोघी चढल्या. मला त्याच दिशेला जायचं होतं, पण मी पुढच्या गाडीने गेले.