जिवंत फाईल

तेक्ला वोयनोव्स्काची नोकरी सल्लागारांनी घालवली, म्हणूनच तिला सल्लागार व्हावंसं वाटलं. पोलंडमधल्या पोझ्नान शहराच्या वेशीवर गोठवलेल्या भाज्यांचं एक मोठं गोदाम होतं, त्याचा कारभार ती कित्येक वर्षं बघत होती. एके दिवशी तिथे चकाचक बुटांची चार माणसं आली. त्यांनी सगळ्यांना भरपूर प्रश्न विचारले, मालकाच्या पैशानं रोज दुपारी भाजलेलं बदक खाल्लं आणि शेवटी रंगीत चौकोनांचा एक अहवाल दिला. त्यातल्या एका चौकोनात तेक्ला होती. त्यावर फुली होती.

"एवढं तर मलाही जमेल," ती बहिणीला म्हणाली. "बदकसुद्धा."

बहीण झानेता, केस कापायचं दुकान चालवणारी. तिनं आरशातूनच तेक्लाकडे पाहिलं. "तू एकोणपन्नास वर्षांची आहेस गं."

"त्याला अनुभव म्हणतात."

"त्याला एकोणपन्नास म्हणतात."

तरी तेक्लानं शहरातल्या एका सल्लागार कंपनीत अर्ज टाकला. तिथे भरतीचं काम क्सावेरी नावाचा मुलगा बघायचा. तेक्लाच्या भाच्याच्या वयाचा. पण अलीकडे कंपन्यांत सगळेच एकमेकांचे जिवलग असतात, त्यामुळे त्यानं पहिल्याच मेलमध्ये अगं-तुगं सुरू केलं. "हाय तेक्ला! काय जबरदस्त अनुभव आहे गं तुझा! लवकरच कळवतो!" तेक्लानं त्या आनंदात एक कोट घेतला. तिच्या शब्दकोशात लवकर म्हणजे आठवडाभर. क्सावेरीचा शब्दकोश वेगळा होता. झाडांची पानं पिवळी पडली, गळली, झाडून नेली, तेव्हा कुठे पुढचा मेल आला: "गुरुवारी जरा गप्पा मारू या!"

"गप्पा म्हणजे मुलाखत का?" तिनं विचारलं. "कोण कोण असेल? काही तयारी करू का?"

"छे गं, अगदी घरगुती!" आणि पुढे हसरा चेहरा.

म्हणून तेक्ला घरगुती स्वेटर घालून, कॉफीचा मग घेऊन संगणकासमोर बसली. पडद्यावर तीन गंभीर माणसं उगवली. त्यातला एक म्हणाला, "एका बिस्किट कंपनीचा नफा घटलाय. कारण शोधा. वीस मिनिटं आहेत."

तेक्लानं मग खाली ठेवला. "बिस्किटं खाऊन बघितली का कुणी?"

तिघांनीही काहीतरी लिहून घेतलं. काय ते देव जाणे.

दुसऱ्या दिवशी क्सावेरीचा निरोप आला: "मस्त झालं! आम्ही आमच्या बाजूनं पुढचं पाऊल टाकतोय!"

झानेताच्या दुकानात त्या वाक्याची चिरफाड झाली. "पुढचं पाऊल कुठे?" झानेता म्हणाली. "तुझ्याकडे, की तुझ्यापासून लांब?"

केसांना रंग लावून बसलेल्या एक बाई मध्येच बोलल्या, "माझ्या जावयालाही असंच म्हणाले होते."

"मग?"

"मग काय? जावई घरी आहे. पाऊल अजून हवेत आहे."

काही दिवसांनी पुन्हा गप्पांचं बोलावणं आलं, पण आता तेक्ला फसणार नव्हती. दुकानात येणाऱ्या प्रत्येक बाईकडून तिनं स्वतःला सरावाचे प्रश्न विचारून घेतले. त्यांची डोकी धुऊन होईपर्यंत तिनं विमानतळ, दूधडेऱ्या, दवाखाने सगळे नफ्यात आणून सोडले. नवा कोट घालून ती पडद्यासमोर बसली. या वेळी कंपनीतला एक वडीलधारा साहेब होता. तो खुर्चीत रेलून म्हणाला, "काय मग, यंदा रानात अळंबी कशी होती?"

"याचे तीन पैलू आहेत," तेक्ला म्हणाली.

त्यानंतर शुकशुकाट. शेवटी तिनंच विचारलं, तेव्हा उत्तर आलं: "काळजी नको, तुझी फाईल जिवंत आहे!"

"फाईलची चौकशी चाललीय," झानेता म्हणाली. "तू आहेस की नाहीस, ते नाही विचारलं कुणी?"

मग डिसेंबरात आणखी एक निरोप आला: "बुधवारी ऑफिसला ये ना, भेटू!" वेळ नव्हती. तेक्ला सकाळीच गेली. स्वागतकक्षातल्या मुलीनं तिला तळमजल्यावरच्या कॅफेत पाठवलं. तिथे क्सावेरी गार झालेल्या सुपासमोर बसला होता. पडद्यावरचा तो टवटवीत चेहरा पार उतरला होता.

"अगं तेक्ला! आज बुधवार?"

"संध्याकाळपर्यंत तरी आहे."

तो हसला नाही. तिच्यासाठी खुर्ची ओढून त्यानं चमचा बाजूला ठेवला. "एक विचारू? तू... तुम्ही इतकी वर्षं माणसं सांभाळलीत. माझं कंत्राट महिनाअखेर संपतंय. साहेबांना विचारलं तर म्हणतात, आम्ही वेगवेगळे पर्याय तपासतोय. म्हणजे नेमकं काय हो?"

तेक्लाच्या जिभेवर तीन महिन्यांचे टोमणे रांग लावून उभे होते. 'काळजी नको, तुझं कंत्राट जिवंत आहे' हा अगदी पुढे होता. पण त्या पोराचा चेहरा बघून तिनं तो गिळला.

"म्हणजे नाही, बाळा."

"नक्की?"

"ठेवायचं असतं तर तुला सांगितलं असतं."

त्यानं गार सूप दूर सारलं. मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "तेक्लाबाई, तुमची जागाही सप्टेंबरातच गोठवली. भरती बंद आहे. चांगली माणसं हातची जाऊ नयेत म्हणून बोलत राहा, असा हुकूम आहे मला."

"आमच्याकडे मटार गोठवले तरी त्यांच्यावर तारीख छापायचे रे," तेक्ला म्हणाली.

त्याला रागवायला ती विसरली. राग ट्रामच्या थांब्यावर आला, आणि तोही स्वतःचाच. एवढे दिवस आपण एका नकाराशी किती अदबीनं बोलत होतो!

जानेवारीत तिला ग्न्येझ्नो शहराजवळ एका बेकरीच्या गोदामात काम मिळालं. मालकीणबाईंनी तिथल्या तिथे सांगितलं, "सोमवारी सहाला या. बूट गरम घाला. पगार तुम्हाला आधी होता त्याहून कमी आहे." तेक्लाला त्या बाईंना मिठी मारावीशी वाटली.

उन्हाळ्याच्या तोंडाशी तिला हाताखाली एक माणूस हवा होता. चार जण भेटायला आले, त्यांतला एक निवडला. उरलेल्यांना तिनं स्वतः फोन करायचं ठरवलं. पहिला नंबर हिरोनिम नावाच्या गृहस्थांचा.

"असं आहे, आम्ही सध्या..." तिनं सुरुवात केली, आणि आपलाच आवाज ऐकून तिला कसंसंच झालं. "नाही. तुम्हाला घेत नाही आहोत."

"का?"

"मुलाखतीत तुम्ही आधीच्या चारही साहेबांना गाढव म्हणालात."

"होतेच ते गाढव!"

"असतील. पाचवी मी झाले असते."

"झालीच आहेस!" हिरोनिम ओरडले, आणि पुढे जे बोलले ते बेकरीच्या भिंतींनीही कधी ऐकलं नव्हतं. तेक्लानं ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग फोन ठेवला. माणसं सरळ 'नाही' का म्हणत नाहीत, ते तिला लख्ख कळलं.

अजून दोघे बाकी होते. तिनं चहा टाकला, उभ्यानंच संपवला, आणि पुढचा नंबर फिरवला.