मास्तरांचा एकर

वाघोलीत मथुराबाईंचं आता पंधरा गुंठे रान उरलं होतं. त्याच्या दोन बाजूंना अकरा मजली सोसायट्या आणि तिसऱ्या बाजूला मास्तरांचा एकर. पंधरा गुंठ्यांत त्या मेथी, कोथिंबीर, पालक आणि शेपू आळीपाळीने करत आणि सकाळी सोसायटीच्या फाटकाशी बसून विकत. नवाच्या आत पाटी रिकामी व्हायची.

मास्तर म्हणजे सदाशिव पेठेतले दीनानाथ परचुरे. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं आणि पस्तीस वर्षांपूर्वी हा एकर विकत घेतला. कोकणात त्यांच्या नावावर वडिलोपार्जित तीन फणस होते, त्यामुळे कागदोपत्री ते शेतकरी होते. त्यांनी जमीन घेतली ती मथुराबाईंच्या नवऱ्याकडून, भैरूअण्णांकडून. त्या वर्षी भैरूअण्णांच्या धाकट्या बहिणीचं लग्न आणि विहिरीचं खोदकाम एकदमच निघालं होतं. लग्न चांगलं झालं. विहिरीलाही पाणी लागलं, इतकं की उरलेल्या रानाला ते जास्त झालं.

फेब्रुवारीत एक दिवस परचुरे रिक्षाने आले आणि बांधावर उभे राहिले.

"मथुराबाई, माझ्या जमिनीत लोक राडारोडा टाकतात. आपण टाकता का?"

"न्हाई."

"मग आपणच ती कसा. पडीक राहण्यापेक्षा बरं. पैसे नकोत मला. खंड म्हणून वर्षाला एक पोतं ज्वारी आणि दर शनिवारी भाजी. शेपू सोडून. आणि अकरा महिन्यांचा कागद करायचा. पुढे कूळ म्हणून हक्क सांगायचा नाही."

"आवो मास्तर, ते रान आमचंच हुतं."

"म्हणूनच कागद."

मथुराबाई म्हणाल्या, "इचार करून सांगते."

"करा. पंधरा दिवस घ्या. मी हे विचारायला पस्तीस वर्षं घेतली."

रात्रीच्या जेवणाला मथुराबाईंनी घरात विषय काढला. सून उत्कर्षा खराडीला एका कंपनीत होती आणि कुठल्याही गोष्टीला प्रश्न विचारून सुरुवात करायची.

"आई, आत्ता तुम्ही रोज किती तास रानात असता?"

"रानात न्हाई तर कुठं असू?"

"ते उत्तर नाही झालं. चाळीस गुंठे वाढले तर खुरपणार कोण? तुमचे गुडघे?"

हे खरं होतं. गुडघ्यांबद्दल डॉक्टरांनी जे सांगितलं होतं ते मथुराबाईंनी घरात अर्धंच सांगितलं होतं. उत्कर्षाने उरलेलं अर्धं डॉक्टरांना फोन करून विचारून घेतलं होतं.

भैरूअण्णा ताट घेऊन उठले. खरेदीखतावर सही केल्यापासून त्यांनी त्या एकरात पाय ठेवला नव्हता. मारुतीच्या देवळाकडे जायची वाट त्यातून होती, तर ते सोसायटीला पूर्ण वळसा घालून डांबरी रस्त्याने जायचे. कुणी विचारलं तर सांगायचे, तेवढंच चालणं होतं.

दुसऱ्या दिवशी मथुराबाई टिकाव घेऊन एकरात गेल्या. रस्त्याकडचा अर्धा भाग राडारोड्याने भरला होता. फरशांचे तुकडे, सिमेंटचे गोळे, एक अख्खं वॉश बेसिन. तिथे त्यांनी दोन जागी खणलं, दोन्हीकडे टिकाव ठणकन वाजला. विहिरीकडच्या अर्ध्यात मात्र वीतभर वाळलेल्या गवताखाली काळी माती होती. मूठभर हातात घेतली तर तिचा लाडू झाला. मथुराबाई रानभर फिरल्या. फिरताना त्यांच्या लक्षात आलं, की आपण मघापासून एका मोकळ्या जागेला वळसा घालतोय. तिथे पूर्वी काटेरी बोर होती. ती जाऊन वीस वर्षं झाली होती, पण पायांना कुणी सांगितलं नव्हतं. त्या तिथेच खाली बसल्या. उठायला नंतर बराच वेळ लागला.

खुरपणीला येणाऱ्या सरुबाईला त्यांनी विचारलं, "रान वाढलं तर येशील का रोज?" सरुबाई तीन घरची भांडी घासायची. ती म्हणाली, "येते की. साबणानं बोटं सडली माझी. माती बरी." तेवढा एक प्रश्न सुटला.

राहिले भैरूअण्णा. ते ओट्यावर तंबाखू मळत होते.

"घ्यावं का मास्तरचं रान?"

"इकलेलं रान हाय ते."

"ठावं हाय मला."

"त्याच्या बांधाचा दगड म्या पुरलाय. आन् आता त्यालाच खंड द्यायचा."

"मग न्हाई म्हणून सांगू?"

भैरूअण्णांनी तंबाखूची चिमूट ओठात धरली. मग म्हणाले, "म्या कुठं न्हाई म्हणलं? खालच्या अंगाला पाणी साचतं. तिथं मेथी घालू नको."

तेराव्या दिवशी मथुराबाई बस बदलून सदाशिव पेठेत गेल्या. परचुरे तिसऱ्या मजल्यावर राहत आणि लिफ्ट नव्हती. वर पोचल्यावर त्या आधी खुर्चीत बसल्या, परचुऱ्यांच्या पत्नीने, मंदाकिनीबाईंनी, दिलेलं पाणी प्यायल्या आणि मग बोलल्या.

"अर्धाच घीन. इहिरीकडचा."

"अर्धा कसा? मी पूर्ण देतोय."

"रस्त्याकडं सिमेंटाचं पीक हाय. ते काढा, मग बोलू."

"सिमेंट माझं नाही."

"सातबारा तुमचा हाय."

परचुऱ्यांनी चष्मा काढून पुसला. गणितात चूक सापडली नाही की ते असं करत.

"आन् ज्वारी न्हाई," मथुराबाई पुढे म्हणाल्या. "पाखरं राखायला मानूस न्हाई माझ्याकडं. भाजी देईन. शेपू निघंल तवा शेपू."

"शेपू आमच्याकडे कुणी खात नाही."

"मला आवडतो," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

लग्नाला शेहेचाळीस वर्षं झाली होती. परचुऱ्यांनी पत्नीकडे पाहिलं, मग कागद ओढून अटी नव्याने लिहायला घेतल्या.

मार्चात मशागत झाली. विहिरीपासून नव्या रानापर्यंत पाइप जोडायचा होता आणि दोन दिवस माणूस मिळेना. तिसऱ्या दिवशी मथुराबाई फाटकावरून परतल्या तर भैरूअण्णा एकराच्या मधोमध उकिडवे बसून पाइपाला रबर गुंडाळत होते. "जोड गळतोय," ते म्हणाले. मथुराबाईंनी पाटी खाली ठेवली आणि पाइपाचं दुसरं टोक धरलं. पाणी आलं.

पहिली कोथिंबीर उन्हाने करपली. मेथी मात्र अशी आली की सोसायटीतल्या बायका दोन-दोन जुड्या न्यायला लागल्या. गुडघे दुखतच होते. उत्कर्षाने बसून खुरपायला चाकांचं बुटकं स्टूल मागवलं. मथुराबाई ते फक्त सून घरी असली की वापरायच्या.

मे महिन्यात परचुऱ्यांनी खरोखरच जेसीबी लावून राडारोडा काढला. दिवसभर छत्री धरून ते उभे होते. संध्याकाळी म्हणाले, "झालं साफ. आता उरलेला घ्या."

"गुडघ्यांना इचारलं. न्हाई म्हणाले."

"मग मी काय करू त्याचं?"

"कागदावर शेतकरी हाय ना तुमी?"

परचुरे छत्री मिटून रिक्षात बसले. जूनमध्ये ते तुरीचं बियाणं घेऊन उगवले आणि पॅन्टचे पाय दुमडून त्यांनी स्वतः पेरणी केली. एकोणऐंशी वर्षांच्या आयुष्यात पहिली. जुलैत तूर वर आली ती गालिच्यासारखी, पाय ठेवायला जागा नाही.

"दाट झाली," मथुराबाई म्हणाल्या.

"पिशवीवर अंतर लिहिलं नव्हतं."

"एकाआड एक उपटावी लागंल."

"उगवलेलं उपटायचं?" परचुऱ्यांना हे पटलं नाही. त्यांनी दोन्ही बाजूंनी युक्तिवाद केला आणि दोन्ही बाजूंनी हरले. तोवर मथुराबाई आणि सरुबाई आत उतरल्या होत्या. मग मास्तरांनीही चपला काढून बांधावर ठेवल्या आणि एक ओळ धरली.