मागच्या चाकाचा मालक

मंचरच्या स्टँडवर मी पाऊल ठेवलं आणि अख्खा स्टँड गपगार झाला. अंगात जाड जाकीट, कोपरापर्यंत हातमोजे, गुडघ्यांना ढाली बांधलेल्या आणि डोक्यावर काळंभोर हेल्मेट. एका कुत्र्यानं मला पाहून जी धूम ठोकली ती म्हणे थेट नाशिकलाच थांबली. एवढा जामानिमा करून मी चढलो तो जुन्नरच्या एसटीत. मोटारसायकल शिकायला निघालेल्या माणसाकडे मोटारसायकल कुठून असणार?

ती होती मढला, सासऱ्यांकडे. आम्ही जावई त्यांना मामा म्हणतो. मेहुण्यानं त्यांना बिनगियरची स्कूटर घेऊन दिली, तेव्हा मामांनी जाहीर केलं, की जुनी गाडी दोन जावयांपैकी एकाची. ओझरच्या गणपतीपुढे पूजा करून जो ती स्वतः हाकेल त्याची. पहिला मान थोरल्याचा, म्हणजे माझा. मला नाही जमलं तर गाडी साडूची. हा साडू गाडीवरच जन्मलाय आणि बारशालाही गाडीवरूनच गेलाय. मला मात्र सायकलसुद्धा येत नव्हती.

पण तयारीत मी कसर सोडली नाही. शिकाऊ लायसन काढलं. महिनाभर पाटावर बसून डाव्या पायानं गियर टाकले, उजव्या मुठीत लाटणं पिळलं. एकदा मी चौथ्या गियरात भरधाव असताना बायको, सुनंदा, म्हणाली, "लाटणं द्या, पोळ्या करायच्यात." मी आधी क्लच दाबला, ब्रेक लावला, मगच लाटणं दिलं.

एसटीत कंडक्टरनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "पावणं (पाहुणे), ड्रायव्हरवर इस्वास न्हाई व्हय?"

"सवय करतोय," मी काचेआडून म्हणालो.

मागच्या बाकावरची एक बाई कळवळली, "त्यांना कायतरी म्हाईत आसंल, म्हनून घातलंय! आमालाबी द्या की एखादं!" त्या एका हेल्मेटानं गाडीत अशी घबराट उडाली, की नारायणगावाला अर्धी एसटी रिकामी झाली आणि पुढे ड्रायव्हरनं ती बैलाला लाज वाटेल इतकी हळू नेली.

जुन्नरला गाडी बदलायची होती. बाजारपेठेच्या बोळांतून मोटारसायकली माशांसारख्या सुळसुळत होत्या. एक गृहस्थ मांडीवर शेळी घेऊन, फोनवर कुणालातरी शिव्या घालत, माझ्या नाकासमोरून वळले. शेळी निवांत रवंथ करत होती. घाम मलाच फुटला.

मढला पोचलो तेव्हा ताटात मासवडी वाट पाहत होती. (बेसनाच्या पारीत तीळ-खोबऱ्याचं सारण. मासा फक्त नावात.) सोबतचा रस्सा इतका जहाल, की हेल्मेटाची काच आतून धुक्यानं भरली. मग मी ते काढलं.

"किती ग्येर आलं, जावईबापू?" मामांनी विचारलं.

"चारही, मामा. पाटावर."

"आन ब्रेक?"

"तोही पाटावरच."

"लई झालं. बाकीचं मी शिकवतो. पर आधी पूजा. मालक बदलला की गाडी नवी. पूजेबिगर नव्या मालकानं हँडलला हात लावायचा न्हाई."

आता गोम पाहा. पूजेत चाकांखाली लिंबं ठेवतात आणि ती मालकानंच गाडी चालवून चिरडायची असतात. म्हणजे पूजेआधी शिकायचं नाही, आणि शिकल्याशिवाय पूजा पुरी व्हायची नाही! मामांना हे सांगितलं. ते म्हणाले, "आसंच असतंय."

सकाळी मामांच्या मागे, त्यांची फुगलेली पिशवी मांडीवर घेऊन, ओझर गाठलं. विघ्नहराचं दर्शन झालं. टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक निघालं, हँडलला झेंडूचा हार पडला, नारळ फुटला. पुढच्या चाकाखाली एक लिंबू, मागच्याखाली एक. मी वर चढलो. माझं चिलखत पाहून माणसं जमली, त्यांना पाहून आणखी जमली. संकष्टीलाही एवढी गर्दी होत नसेल.

मामांनी गाडी सुरू करून दिली. मी गियर टाकला, मूठ पिळली आणि क्लच सोडला. तो हळू सोडायचा असतो हे मला माहीत होतं, हाताला नव्हतं.

गाडी अशी उधळली, की बैलगाडा शर्यतीतला खोंडही तोंडात शेपूट घालेल. पुढचं चाक वर गेलं, कळसाला नमस्कार करून आलं आणि लिंबाच्या पलीकडे टेकलं. मागच्या चाकाखाली 'फच्च' आवाज झाला. गाडी बंद पडली. एकूण प्रवास दीड हात.

"जमलं राव!" कुणीतरी ओरडलं.

"कशाचं जमलं? म्होरलं लिंबू पघा की, कसं टवटवीत हाय!"

हारवाल्या मावशी म्हणाल्या, "इथं लई गाड्या पाह्यल्या. लिंबावरनं उडी मारल्याली हीच पयली."

मी हेल्मेटाची काच वर केली. "मामा, मग गाडी साडूची?"

मामांनी उकिडवं बसून दोन्ही लिंबं पंचासारखी तपासली. "मागचं चाक तुमचं झालं, जावईबापू," ते उठत म्हणाले. "म्होरलं अजून माझं. तवा म्होरं मी बसनार, मागं तुमी. म्होरलं लिंबू फुटंस्तवर मंचरला ऱ्हातो नि शिकवतो. न्हाईच फुटलं, तर मग धाकल्याला बोलवू."

मंचरच्या वाटेवरच्या द्राक्षबागा, कांद्याच्या वखारी, समोरून येणारे ट्रक, सगळं मी मामांच्या खांद्यावरून पाहिलं. आमच्या आळीच्या तोंडाशी उतार आहे. तिथं मी हात जोडले, एवढ्यापुरतं मला पुढे बसू द्या. मामांनी इंजिन बंद केलं, गियर काढला, मला बसवलं आणि ते मागची सीट धरून चालू लागले. हार फडकावत मी दारात अवतरलो.

सुनंदानं माझ्याकडे पाहिलं, मग धापा टाकणाऱ्या वडिलांकडे. "आप्पा, गाडी बंद पडली का?"

"न्हाई गं," मामा म्हणाले, "पेट्रोल वाचवत्यात."

प्रवासानं माणूस मोठा होतो म्हणतात. माझं त्या बाबतीत अजून काही नक्की नाही. पण चहा झाल्यावर मामांनी आपली पिशवी सोडली. आत टॉवेल, चार धोतरं, अंथरायची वाकळ आणि पावसाळा निघेल इतक्या बीपीच्या गोळ्या. ही पिशवी त्यांनी मढला, पूजेला निघायच्या आधीच भरून ठेवली होती. माझ्या शिकण्याची खरी तयारी कुणी केली असेल, तर ती मामांनी.