उतारावर बंद केलेली चावी

नववीला गतीचे नियम शिकवायला घेतले की मला राग येतो. नियमांचा नाही, आमच्या माणसांचा. घाट उतरताना गाडी न्यूट्रलला टाकायची आणि वर चावीही बंद करायची, ही आमच्या कोल्हापूरकडची जुनी हुशारी. इंजिन बंद आणि गाडी मात्र पळतेय, म्हणजे चालवणाऱ्याला वाटतं, पेट्रोलपंपवाल्यालाच गंडवलं! माझा मोठा भाऊ या हुशारांचा मुकादम.

त्या रविवारी आम्ही दोघांनी आईला पन्हाळ्यावर नेलं होतं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ती नुकतीच धड चालायला लागली होती, आणि तिला वर बसून झुणका-भाकरी खायची होती. ती तिनं खाल्ली, तटाच्या कडेनं माझा हात न धरता फिरली, आणि वर मलाच म्हणाली, "चल की जरा भराभरा." परतताना आम्ही दोघी मागच्या सीटवर बसलो. मी पट्टा लावला. पोटाला आवळतोय म्हणून तिनं लावला नाही.

पहिल्या वळणानंतर इंजिनाचा आवाज थांबला.

"दादा, चावी लाव. गाडी गिअरमध्ये ठेव."

"आगं, उतारच हाय की. आपसूक जात्या गाडी. डिझेल कशाला जाळायचं?"

"ब्रेकला इंजिनाचा जोर लागतो. दोन-तीनदा दाबलास की संपतो तो."

"तुझं ते शाळंत सांग."

शाळेत सांगतेच मी. उतारावर गाडीला खाली खेचणारं बल आपल्या चावीनं बंद होत नाही. त्याच्या विरुद्ध काहीतरी लावावं लागतं, नाहीतर वेग वाढतच जातो. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांना हे कळतं. तो हसत होता, आईही हसत होती, आणि मी एकटीच पुढच्या सीटची पाठ घट्ट धरून बसले होते.

पुढच्या उतारावर त्यानं ब्रेक दाबला आणि त्याचं हसणं गेलं. "दगड झालाय गं ह्यो," तो म्हणाला. मग दोन्ही पाय ब्रेकवर देऊन तो सीटवरून अर्धा उठला, तरी गाडीचा वेग कमी होईना. स्टिअरिंगही जड झालं होतं. चावी लावायची तर त्याचा एक हात सोडावा लागणार होता, आणि समोर वळण होतं. वळणापलीकडे नुसतं आभाळ दिसत होतं.

मी ओरडले, "डोंगराला घास! दादा, डोंगराच्या अंगाला घे, घास गाडी!" घर्षणाशिवाय आमच्याजवळ दुसरं काही उरलंच नव्हतं. आजही मी हेच ओरडेन. त्यानं गाडी डोंगराकडे घातली. पत्रा फाटल्याचा आवाज येत राहिला, मग पुढचं चाक गटारात गेलं आणि गाडी थांबली.

गाडी थांबली, आई थांबली नाही. जडत्व म्हणतात ते हेच. मी तिच्यापुढे हात आडवा धरला होता, पण पळत्या गाडीतल्या माणसाला एका हातानं कोण अडवणार? ती दोन सीटांच्या मधून पुढे फेकली गेली आणि तशीच पडून राहिली. शुद्धीत होती. म्हणाली, "माजं पाय कुटं हायत?"

तिच्या पाठीच्या कण्याला मार बसला होता. त्यानंतर आमचं सगळं घर तिच्या उजव्या पायाच्या अंगठ्याकडे बघत बसलं. डॉक्टर म्हणाले होते, अंगठा हलला तर आशा आहे. ते रोज राउंडला येत, चादर बाजूला करत आणि सांगत, "आजी, हलवा बघू." मग आई दात आवळायची. तिच्या कानशिलाच्या शिरा फुगायच्या, कपाळावर घाम यायचा. भिंत कितीही ढकलली आणि ती हलली नाही तर कार्य शून्य, असं मी फळ्यावर लिहिते. एका पोरीनं एकदा विचारलं होतं, मग बाई, घाम आला त्याचं काय? तेव्हा मी तिला काहीतरी उत्तर दिलं होतं. आईच्या कपाळावरचा घाम पुसताना मला ते आठवेना.

दादा रोज पलंगाच्या पायथ्याशी दांडा धरून उभा असायचा. मी त्याच्याशी बोलत नव्हते. बोलले असते तर चार लोकांत तोंडाला येईल ते बोलले असते. तो जेवत नव्हता, दाढी वाढली होती, आणि मला त्याची जराही दया येत नव्हती.

एके दुपारी राउंड झाल्यावर आईनं डॉक्टरांना जाऊ दिलं आणि पुन्हा दात आवळले. मानेला पट्टा असल्यामुळे तिला स्वतःचा पाय दिसत नव्हता. बराच वेळ ती जोर लावत राहिली. मी अंगठ्याकडे बघत होते. मग दमून तिनं विचारलं, "हलला का गं?"

अंगठा होता तिथंच होता.

"हलला की, आई," मी म्हणाले. "जरासा हलला."

"मग सांग की त्याला. त्येच्यापायीच चाललंय माजं ह्ये. दोन घास खाईल तरी."

मी मान वर केली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"दादा, अंगठा हलला."

तो सकाळपासून त्याच अंगठ्याकडे टक लावून उभा होता.

"व्हय," तो म्हणाला. "बघितला मी."