वजूचं पाणी आणि सोळा पोर्टांचा हब

लातुरात मी टिकलो ते खालाजानमुळे. त्या आमच्या घरमालकीणबाई. सगळी गल्ली त्यांना खालाजान म्हणते, म्हणून मीही म्हणतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण एकदा हब, व्होल्ट, सप्लाय असलं बोलायला लागलो की माणूस मागं राहतं, आणि इथं तसं व्हायला नको. खालाजाननं मला पाणी दिलं. पिण्याचं नव्हे. नमाजाआधी हातपाय-तोंड धुतात त्याला वजू म्हणतात. त्यांच्या घरात वजू झाल्यावर टबात जमलेलं ते पाणी. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट.

मी किनवटकडचा. आश्रमशाळेत नववीपर्यंत होतो, मग शाळा सुटली ती सुटलीच. नांदेडला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला लागलो. तिथल्या मालकाच्या ओळखीनं लातूरच्या एका क्लासमध्ये नोकरी मिळाली. सगळ्या मराठवाड्यातली लेकरं शिकायला येतात त्या शहरात मी शाळा सोडून आलो होतो. रस्त्यानं दप्तरांचा लोंढा समोरून आला की मी कडेनं चालायचो. कुणीतरी थांबवून विचारील, तू इथं काय करून राहिलास, असं उगाच वाटायचं.

माझ्याकडं टॅब होते. क्लासची सराव परीक्षा टॅबवर व्हायची. परीक्षेच्या आधी सगळे टॅब चार्ज करायचे आणि कॉम्प्युटरवरून त्यांच्यात पेपर टाकायचा, एवढंच काम. ऐकायला सोपं आहे. कॉम्प्युटरला मागं-पुढं मिळून मोजके पोर्ट, आणि टॅब सोळा. म्हणून एका पोर्टाचे चार करणारे प्लास्टिकचे छोटे हब होते, एकाच्या पोटात दुसरा खोचलेला. त्यांच्या बारक्या अडॅप्टरवर सगळ्यांचं भागायचं नाही. टॅबवर चार्जिंगची खूण दिसायची आणि बॅटरी मात्र उतरत जायची. पेपर निम्मा गेला की कॉम्प्युटर टुंग करून एखादा टॅब सोडून द्यायचा. मग मी त्याचा पेपर पुन्हा पहिल्यापासून टाकायचो.

शेवटी क्लासचे सर म्हणाले, "चांगला हब बघ. तूच निवड, तूच बसव. पण रविवारच्या परीक्षेला गोंधळ झाला तर दुसरा माणूस बघावा लागेल मला. तू गावाकडं जा मग."

ते रागानं बोलले नव्हते, त्यामुळं जास्त भ्यायलो. घरी सगळ्यांना सांगून बसलो होतो की मी लातूरला कॉम्प्युटर सांभाळतो.

हब आणायला नांदेडला गेलो. दुकानदार माझ्या ओळखीचा होता.

"हे कारखान्यातलं सामान हाय," तो म्हणाला. "मशीनीला लावतेत. क्लासला कशाला? लेकरं काय लेथ चालवून राहिलेत का?"

"चार्जिंग बी करतो आणि डेटा बी नेतो, दोन्ही एका वेळी?"

"हाव. पण ह्याला भिंतीतला चार्जर चालत न्हाई बरं. ह्याचा सप्लाय येगळा घ्यावा लागतो."

मी तो हातात घेऊन पाहिला. लोखंडी पेटी, चांगली जड. भिंतीला पक्की करायला कान, प्रत्येक पोर्टाशेजारी एक बारका दिवा. एका पोर्टावर बिघाड झाला तर तेवढाच बंद पडतो, बाकीचे चालू राहतात. हिशेब मी नांदेडच्या दुकानातच शिकलो होतो. टॅबला पाच व्होल्टवर एक अँपिअर, म्हणजे पाच वॅट. सोळा टॅबचे ऐंशी. अंगावर कपडा घट्ट नको, म्हणून पेटीला लागतो तसा चोवीस व्होल्टचा, पण पाच अँपिअरचा सप्लाय घेतला; त्याचे होतात एकशेवीस वॅट. परत येताना पेटी मांडीवर ठेवली होती. शेजारच्या बाई म्हणाल्या, मिठाई हाय का रे. मी हो म्हणालो.

क्लासनं टॅबसाठी खालाजानच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. मी झोपायचो तिथंच. भूकंपात ते घर चिरलं होतं. मग पाडून बैठं बांधलं, वर पत्रे. क्लासवाल्यांनी वर मजला चढवायची गळ घातली तेव्हा खालाजान एवढंच म्हणाल्या होत्या, "डोक्यावर वजन नको." अर्थिंगचा खड्डा घर बांधतानाच अंगणात केलेला. वीज कुठं फुटली तर ती जमिनीत जावी, म्हणून घराच्या वायरिंगची एक तार त्या खड्ड्यात पुरलेली असते.

हब बसवला. सगळे दिवे लागले, पेपर सरळ गेला, टुंग आवाज एकदाही नाही. मला भरून आलं. मग चारदोन पोरांना बसवून चाचणी घेतली, टॅबच्या वायरी तशाच लावून ठेवल्या होत्या. एक मुलगी म्हणाली, "दादा, मी ब दाबतेय, हा क घेतोय." दुसऱ्याचा पेपर आपोआप पुढं सरकायला लागला. जणू भूत बोट फिरवत होतं. वायर काढली की टॅब शहाणा, लावली की पुन्हा तेच. हबला हात लावला तर पेटी बोटांना मुंग्या आल्यासारखी चावली.

मला वाटलं, संपलं. मीच निवडला, मीच आणला.

गल्लीतल्या वायरमनमामांना बोलावलं. त्यांनी बल्बची एक वायर फेजला, म्हणजे वीज येते त्या तारेला, आणि दुसरी अर्थिंगला लावली. बल्ब लख्ख पेटायला हवा होता; विडीच्या टोकासारखा लाल झाला नुसता.

"तुझा डबा चांगला हाय," मामा म्हणाले. "जमीन मेली हाय, फुटकी वीज आत जायना, टॅबात फिरून राहिलीय. खड्डा पार वाळून गेलाय. पाणी घाल, जाडं मीठ घाल. रोज घाल."

"पाणी कुठलं घालू मामा?"

 गल्लीत टँकर आला की घागरींवरून भांडणं होत होती. भांडी घासलेलं पाणी संडासला जायचं. अशा दिवसांत जमिनीत खड्डा करून त्यात पाणी ओतायचं, हे कुणाला तोंडानं सांगायचं? माझ्या वाटणीची एक बादली होती, तिच्यात पिणं, आंघोळ, सगळं. मी त्यातलं तांब्याभर नेऊन खड्ड्यात घातलं. चुर्र झालं आणि ओलसुद्धा दिसेना. आणखी एक तांब्या नेत होतो तेव्हा खालाजाननं पाहिलं.

"प्यायचं पाणी मातीत घालतोस? डोकं फिरलं का तुझं?"

मी सगळं सांगितलं. अर्थिंग, भूत, रविवार, सर, गाव.  खालाजाननं ऐकून घेतलं, आणि आत जाऊन एक टब आणला. त्यांच्या घरी चाचा, म्हणजे त्यांचे यजमान, आणि त्या टबाशी बसूनच वजू करायचे. साबण नाही, खरकटं नाही.

"हे वजूचं पाणी. आम्ही नालीत न्हाई टाकत, झाडाला घालतो. तुझ्या खड्ड्यात जाऊ दे. तिथं बी जमिनीलाच मिळतंय ना."

"आणि झाड, खालाजान?"

"झाडाला माझ्याकडनं सांगते मी, सबर कर, जरा धीर धर म्हणून."

ते झाड लिंबाचं होतं, कागदी लिंबाचं. त्यांनी स्वतः लावलेलं. त्या दिवसापासून प्रत्येक नमाजाआधीचा टब मी खड्ड्यात रिकामा करू लागलो. जाडं मीठही त्यांनीच डब्यातून दिलं. मी खांद्यावर टॉवेल टाकून टब ओतत होतो, तर वायरमनमामा कुंपणावरून म्हणाले, "काय रे, महादेवाला पाणी घालून राहिला का?"

खालाजान ओट्यावरून म्हणाल्या, "घालू दे. वजूच्या पाण्यानं तुमचा महादेव न्हाई रागवायचा."

"न्हाई रागवायचा. त्याला बी आजकाल कोण घालून राहिलंय?"

दोघंही हसले. मी हसलो नाही, माझं लक्ष मामांनी चाचणीसाठी ठेवून दिलेल्या बल्बवर होतं. तो रोज थोडा पिवळा होत होता. शनिवारी संध्याकाळी लख्ख पेटला. पेटीला हात लावला, चावली नाही. तरी विश्वास बसेना, म्हणून पुन्हा पुन्हा लावून पाहिला.

रविवारी पोरं बसली. मी दाराशी उभा होतो आणि कुणी 'दादा' म्हणून हाक मारेल म्हणून कान टवकारले होते. एकानं मारली. धावत गेलो. त्याला पंखा वाढवून हवा होता. पेपर संपला, सर आले, निकाल कॉम्प्युटरवर उतरलेला पाहिला आणि म्हणाले, "ठीक आहे. क्लास नवीन खोली घेतोय, तिचंही तूच बघ." मी खालाजानला सांगायला गेलो. त्या नमाजावर होत्या. मी ओट्यावर बसून राहिलो.

लिंबाची पानं त्या उन्हाळ्यात गळाली. एक फांदी वाळून गेली, ती चाचांनी छाटली.  पाऊस लागल्यावर झाड पुन्हा धरलं, पण आधीसारखं लिंबू त्याला आलं नाही.

आता क्लासच्या तिन्ही खोल्यांतले हब मी बघतो. नवीन जागा घेतली की सर आधी मला पाठवतात, आणि मी आधी अंगण बघतो. खालाजानचे गुडघे दुखतात, चाचा थकलेत. पाणी देऊन पाणी फिटत नाही, हे मला कळतं. तरी एक ठरवलं आहे. भादव्यात पैनगंगा भरून वाहते, तेव्हा खालाजानला आणि चाचांना गाडीत बसवून आमच्याकडं न्यायचं. घाटावर उतरायला त्यांना जमणार नाही. मी पाठीवर घेईन. तिथं त्यांनी हवं तेवढं पाणी घेऊन वजू करावा, टब न मांडता, वाहून जाईल ते जाऊ द्यावं. अजून जमलेलं नाही. पण खालाजान, मी नेईन तुम्हाला.