शेवटचा गळ

माझी शाळा चौथीपर्यंत. अक्षर वाकडं पडतं, पण किडा कधी वाकडा बांधला नाही. हे मीच सांगतो, कारण सांगणारं दुसरं कोणी उरलं नाही.

तुंगार्लीच्या एका बंगल्यावर मी जन्मभर माळीकाम केलं. तिथल्या म्हाताऱ्या साहेबांना मासे धरायचा नाद. गळाला पीठ नाही, गांडूळ नाही. गळावर दोरा आणि पीस गुंडाळून ते पाण्यातला किडा करायचे. नदीत दगडाखाली चिकटून असतो ना, सहा पायांचा, शेपटीला केसासारखे तंतू असलेला, तसाच. ते त्याला निम्फ म्हणायचे. मी किडाच म्हणतो. तो तळाला जाऊन गोट्यांवरनं घरंगळत आला तरच महाशीर मासा तोंड लावतो, म्हणून गळाला आधी शिसं गुंडाळायचं. साहेब गेले, बंगला विकला गेला. गळांची डबी मला मिळाली, पण शिसं संपलेलं होतं.

मग मी बापाच्या पागाला हात घातला. पाग म्हणजे फेकायचं जाळं. ते बुडावं म्हणून त्याच्या कडेला शिशाच्या गोळ्या असतात. त्यातली एक काढायची, ठोकून पत्रा करायचा, कात्रीनं बारीक पट्टी कापायची.

घरची म्हणाली, "अवो, एकेक करून समदं जाळं नागवं कराल."

"मी काय जाळं टाकनारा हाय का? मी मासा फसवून धरतो, कोंडून न्हाई."

लय ताठा. आता तो पाग पाण्यावर धोतरासारखा तरंगतो. बापानं त्याच्यावर आम्हा पाच भावंडांना जगवलं होतं.

यंदा डबीत एकच गळ उरला, आणि माझे हात वर्षभरापासून थरथरतात. म्हणजे हा बांधला तर शेवटचा, बिघडला तरी शेवटचाच.

माझी एक रीत आहे. दिवाळीनंतर पाणी निवळलं की आधी नदीत उतरायचं, दगड उलटून किडा बघायचा, मग तसा बांधायचा. तसा वडिवळ्याच्या धरणाखाली गेलो. पहिल्या दगडाखाली हिरवा बुळबुळीत थर. दुसऱ्याखाली तेच. गुडघे बोलायला लागेपर्यंत उलटत राहिलो. वरच्या अंगाला बंगले झालेत, त्यांची सगळी घाण इथंच उतरते. किडा एकही नाही.

"मंग आता कसला बांधनार?" घरचीनं विचारलं.

"आठवनीतला."

"आन् मासा? त्यो बी आठवनीतलाच का?"

मी पकडीत गळ धरला, पकडीला सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळली आणि बसलो. पागाच्या शेवटच्या गोळीचं शिसं गुंडाळलं. कोंबड्याच्या मानेच्या पिसाची शेपटी केली. अंगाला जुन्या घोंगडीची लोकर. किड्याचा रंग त्या काळ्या-तपकिरी लोकरीइतका कशालाच येत नाही. वरून पंपाच्या जळक्या मोटारीतली तांब्याची तार, पायांना पुन्हा पीस. दोरा तीनदा तुटला, तीनदा उकलून बांधला. राहिली डोक्याजवळची गाठ. ती काही केल्या बसेना.

घरची उंबऱ्यावर गोधडी शिवत होती.

"आना हिकडं."

"तुला त्यातलं काय कळतंय?"

"गाठ कळती. आजवर पांगरलेल्या गोधड्या काय गाठीबिगर टिकल्या व्हय?"

मी पाठ फिरवली. तेवढ्यात दोरा सैल झाला आणि पाय उकलायला लागले. तेव्हा तिच्या हातात दिला. तिनं दोनदा सुई फिरवली, दोरा दातानं तोडला आणि गोधडी ओढून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धरणाखालच्या डोहावर गेलो. गावातला एक जण पिठाच्या गोळ्या लावून बसला होता.

"आबा, ह्यो तुमीच बांधला?"

"मंग कोन बांधनार?"

टाकला. बरोबर तळाला गेला. गोट्यांवरनं येताना गळाच्या नायलॉन दोऱ्यातनं, तंगुसातनं, बोटाला टुकटुक कळत होतं. दुपारपर्यंत तेवढंच कळलं. मग तो खडकात अडकला. पूर्वीचा असतो तर बुडी मारून काढला असता.

"तोडा आबा. किती येळ धरून बसनार?"

मी तोडला नाही. हात भरून आले तरी धरून होतो. शेवटी तंगूस आपणच तुटला, माझ्यापासून दोन हातांवर.

घरी आल्यावर तिनं एवढंच विचारलं, "गाठ सुटली का?"

"न्हाई."

ते खरं होतं. नदीवर मात्र खोटं बोललो. शेवटची गाठ तिची होती. किडा तिथंच खडकाला आहे, घोंगडीच्या लोकरीचा. त्या डोहात आता किडा म्हणून तेवढाच.

डबीत ती सुया ठेवते.